रॅगिंगची तक्रार केली की डिग्री अडकते, हे कुणी सांगितलं?

मंगळवारी रात्री साडेदहाला सुरगाण्याहून मावशीचा फोन. तिच्याकडे नऊच्या आत निजानीज होते, त्यामुळे नाव बघूनच छातीत धस्स झालं. निघालं काय, तर व्हॉट्सॲपचा मेसेज. धाकट्या मावसबहिणीचा नाशकात एफवायबीएस्सीला प्रवेश झालाय, फी भरलीय, हॉस्टेलच्या यादीत नावही लागलंय. आणि आता मावशी म्हणते, "नको गं ते हॉस्टेल. घरूनच मुक्त विद्यापीठाला टाकू."

मेसेजचं नाव 'पालकांनो, कॉलेजचं खरं रूप ओळखा'. खाली सही 'एक अनुभवी प्राध्यापक'. नाव नाही, गाव नाही. गेल्या आठवड्यात हाच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा मी सोडून दिला. मावशीपर्यंत पोचला म्हटल्यावर मात्र सोडवेना.

पहिला मुद्दा: कॉलेजात हजेरी कुणी विचारत नाही, मग खोलीभाडं कशाला भरायचं? अर्धं खरं आहे, मान्य. आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाचा वर्ग दिवाळीनंतर किती भरतो ते मी पाहिलंय. पण टर्मला ७५ टक्क्यांचा नियम आहे, डिफॉल्टर लिस्ट लागते, आणि सायन्सला तर प्रॅक्टिकल बुडवून जर्नलवर सही मिळवून दाखवाच. मुक्त विद्यापीठाला नावं ठेवायचं कारण नाही. १९८९ पासून ते नोकरी करणाऱ्यांना, संसारात अडकलेल्यांना शिकवतंय. पण जिला रोज प्रयोगशाळेत उभं राहायचंय, तिला सुरगाण्याच्या ओट्यावर टायट्रेशन कोण करून दाखवणार?

दुसरा: एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, शिबिर म्हणजे फुकटची वेठबिगारी, आणि 'मुलं-मुली आठवडाभर एकत्र, पुढचं तुम्हीच समजा'. या 'समजा'चा मला फार राग येतो. एनएसएस १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक शिबिर. नाव द्यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आमचं शिबिर पेठ तालुक्यात होतं, डिसेंबरात. मुली शाळेच्या खोलीत, सोबत दोन मॅडम. मुलं मारुतीच्या सभामंडपात कुडकुडत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, सुतळीनं तोंड शिवायचं आणि ओहोळात एकावर एक रचून वनराई बंधारा घालायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या तळहाताला चार फोड. मी घमेलं कसं धरते ते बघून गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी एकीनं डोक्यावर चुंबळ ठेवून दिली आणि म्हणाली, "आता चाल." चौथ्या दिवशी गोण्यांमागं गुडघाभर पाणी साचलं. 'पुढचं तुम्हीच समजा' म्हणणाऱ्यानं हे समजून घ्यावं.

आता तिसरा मुद्दा. त्याच्यासाठीच मी लिहायला बसले. शब्दशः असा आहे: 'रॅगिंग सगळीकडे चालते, ती ओळख परेड असते. तक्रार करू नका, कॉलेज तुमच्याच मुलाची डिग्री अडकवते. पालकांकडून हमीपत्र घेतात ते त्यासाठीच.'

हा सल्ला देणारा माणूस खरंच प्राध्यापक असेल, तर त्याच्या वर्गातल्या मुलांची मला काळजी वाटते. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. एखाद्याला तो एरवी आपणहून करणार नाही अशी गोष्ट करायला लावणं, हेसुद्धा त्यात रॅगिंगच आहे. म्हणजे 'नुसतं गाणं तर म्हणायला सांगितलं' ही पळवाट बंद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडंही प्रवेश नाही. अडकते ती त्याची डिग्री! लेखी तक्रार आली की कॉलेजच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. आणि त्यानं टाळाटाळ केली, तर रॅगिंगला मदत केली असं धरून तोही गुन्हेगार.

हमीपत्राचं तर यानं पार उलटंच केलंय. 'मी रॅगिंग करणार नाही' असं विद्यार्थी लिहून देतो आणि 'आमचा पाल्य करणार नाही' असं पालक वेगळं लिहून देतात. दरवर्षी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांत ते आहे.

'सगळीकडे चालते' यात मात्र तथ्य नाही असं म्हणवत नाही. आमच्याही हॉस्टेलात 'इंट्रो' होती. (कुठलं हॉस्टेल ते राहू द्या.) माझी रूममेट बागलाणची. तीन रात्री तिला कॉरिडॉरमध्ये उभं करून, डोक्यावर भरलेली बादली धरून कविता म्हणायला लावल्या. रेक्टरबाई म्हणाल्या, "मुलींमुलींतली गंमत आहे, मिटवून टाका." रॅगिंगविरोधी समिती होती, पण फलकावर. मग आम्ही फुलस्केपवर अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या आणि ऑफिसात जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. "पोच कशाला हवी?" क्लार्कनं विचारलं. "असू दे," रूममेट म्हणाली. आवाज थरथरत होता, पण खिडकीपासून हलली नाही. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. चौथ्या दिवशी चौकशी लागली आणि दोन सीनियर घरी गेल्या. रूममेट एमएस्सी झाली, आता ज्युनियर कॉलेजला शिकवते.

मावशी, हे दोनदा वाच: अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची. ऑफिसात दाद लागली नाही तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, फुकट आणि चोवीस तास.

राहिलेले मुद्दे किरकोळ आहेत. कॉलेजच्या 'कमवा व शिका' योजनेत पोरांना झाडू मारायला लावतात म्हणे. लायब्ररीत पुस्तकं लावण्यापासून बागेला पाणी घालण्यापर्यंत कामं असतात, त्याचे तासाप्रमाणे पैसे मिळतात, आणि त्यावर किती जणांची खानावळ भागते ते या प्राध्यापकांना ठाऊक दिसत नाही. 'पूर्वीचे विद्यार्थी पुस्तकाबाहेर बघत नसत' असंही लिहिलंय. हे नाशिकच्या पालकांना सांगायचं? इथं काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात उतरलेला एक विद्यार्थी पुढं कुसुमाग्रज झाला. रोझ डे, टाय डे हे प्रकार मलाही आवडत नाहीत, तेवढं त्यांचं आणि माझं जमेल.

सातवा मुद्दा: हॉस्टेलच्या मेसची डाळ म्हणजे हळदीचं पाणी. हा पूर्णपणे खरा आहे. मावशी, शनिवारी पोरीला सोडायला येशील तेव्हा नागलीचे पापड आणि खुरासणीची चटणी दे. मोठा डबा दे, रूममेटही खातात.