आईचं आडनाव कुठे लिहायचं?

गेल्या आठवड्यात शेजारणीला घेऊन दवाखान्यात गेले होते. काउंटरवरच्या मुलीला तिची फाइलच सापडेना. बरीच शोधाशोध झाल्यावर उलगडा झाला: वडिलांचं आडनाव ‘मिडल नेम’ समजून कुणीतरी तिला आईच्या आडनावाखाली टाकलं होतं. शेजारीण मूळची मेक्सिकोतल्या पुएब्लाची. अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत येऊन वीस वर्षं झाली. म्हणाली, "या देशात आल्यापासून माझा एकतर बाप हरवतो, नाहीतर आई."

मेक्सिकोत प्रत्येकाला दोन आडनावं. सहसा आधी वडिलांचं, मग आईचं. लग्न झालं म्हणून बाईचं नाव कागदोपत्री बदलत नाही. २०२४ साली तिथे पहिल्यांदाच बाई राष्ट्राध्यक्ष झाली, क्लाउदिया शेनबाम पार्दो. यातलं पार्दो आईकडचं. (आपण बिनधास्त ‘मार्केझ’ म्हणतो त्या कादंबरीकार गार्सिया मार्केसचंही तेच. माणूस कोलंबियाचा, पण वारला मेक्सिको सिटीत. आणि मार्केस हे त्याच्या आईचं आडनाव!)

मला विचाराल तर या दोन देशांतला फरक टाको आणि बर्गरमध्ये शोधूच नये, फॉर्मवरच्या आडनावाच्या चौकोनात शोधावा. अमेरिकेत पहिला प्रश्न असतो, तू करतेस काय? शेजारणीच्या आईने मला पहिल्यांदा विचारलं होतं, तू कुणाची?

५ मे आला की इथे बियर स्वस्त होते, पोरं मोठमोठ्या टोप्या घालून फिरतात आणि लोक शेजारणीला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देतात. स्वातंत्र्यदिन असतो १६ सप्टेंबरला! ५ मे १८६२ रोजी मेक्सिकोने पुएब्लात फ्रेंच फौजेला धूळ चारली, त्याचा हा दिवस. त्या लढाईचा सेनापती इग्नासिओ सारागोसा सेगिन. जन्म १८२९, आजच्या टेक्सासमध्ये. तेव्हा टेक्सास मेक्सिकोतच होतं ना. आमच्यापासून पाऊण तासावर सेगिन नावाचं गाव आहे, ते त्याच्या आईच्या नात्यातल्या हुआन सेगिनच्या नावाचं. त्या लढाईआधीच, अमेरिकेशी झालेल्या १८४८ च्या तहात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख गेला होता. इथल्या काही जुन्या घराण्यांना "तुम्ही अमेरिकेत कधी आलात?" विचारलं की ती का उखडतात, ते मला हे गाव बघून कळलं. ती कुठून आलीच नव्हती, सरहद्दच त्यांच्या अंगावरून गेली.

आता मेक्सिकोचं सगळंच गोड आहे असं नाही. आईचं आडनाव म्हणजे शेवटी तिच्या बापाचंच, आणि नातवंडांपर्यंत तेही पोचत नाही. शेजारणीचा नवरा पाण्याचा पेलासुद्धा हाताने घेत नाही. आणि शाळेत जाणारी लेक कधीच एका आडनावावर आलीय. "लिहायला सोपं पडतं," म्हणते.

मागच्या वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्यांच्याकडे गेले होते. पाटावर मांडावं तसं सगळं मांडलेलं: फोटो, मेणबत्त्या, गोड पाव आणि झेंडूच झेंडू. (आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा तिकडचाच बरं.) माझी आई त्याच वर्षी गेली होती. शेजारीण म्हणाली, तिचंही नाव ठेवू या. मी चिठ्ठीवर लिहून दिलं. तिने वाचलं. "हे नवऱ्याचं आडनाव. तिचं कुठलं?"

मग मला सांगावं लागलं की आडनावच काय, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहून तिचं पहिलं नावही बदललं होतं. शेजारीण माझ्याकडे बघतच राहिली. मग दुसरी चिठ्ठी फाडून तिने पेन माझ्या हातात दिलं.