झाकली पाइपलाइन सव्वा लाखाची

पाइपलाइन इंटिग्रिटीचा, म्हणजे लाइन गंजून फुटू नये हे बघायचा चार्ज मिळाला म्हणे तुम्हाला, अभिनंदन, आणि टेन्शन घेऊ नका, कारण तुमची लाइन मीटरभर जमिनीखाली आहे, तिला गंज लागलाय हे सिद्ध करायला आधी कुणीतरी खणायला पाहिजे आणि खणायचं बजेट तुमच्याच टेबलावरून पुढे जातं. ते पुढे जाऊ द्यायचं नाही एवढं सांभाळलंत की अर्धं काम झालं.

पहिलं म्हणजे रिस्क असेसमेंट. एक्सेल उघडा, पाच बाय पाचचा तक्ता, एकीकडे लाइन फुटायची शक्यता, दुसरीकडे फुटली तर काय होईल ते, दोन्हीचा गुणाकार. परिणामाच्या आकड्याशी फार खेळता येत नाही, कारण लाइन टाकली तेव्हा जिथे भातशेती होती तिथे आता शाळा आणि मंगल कार्यालय झालंय, गुगल मॅपवर कुणालाही दिसतं. म्हणून शक्यता कमी करा. 'वीस वर्षांत काही झालेलं नाही' एवढं कारण पुरतं, पाचपैकी १ टाका, तक्त्यातला डब्बा हिरवा, म्हणजे धोका नाही. आता गंज वीस वर्षं रोज थोडं थोडं खातोय म्हणजे शक्यता वाढायला पाहिजे ना, असं एखादा नवीन पोरगा मीटिंगमध्ये विचारेल, त्याला ऑडिटच्या फायली लावायला बसवा.

मग सीपी, म्हणजे कॅथोडिक प्रोटेक्शन. पाइपला बाहेरून डीसी करंट द्यायचा, म्हणजे पाइपऐवजी जमिनीत पुरलेला अॅनोड झिजतो. रॉबर्ट कून नावाच्या माणसाने १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गॅस लाइनवर हे केलं आणि पाइप वाचवायला त्याचं व्होल्टेज किती लागतं त्याचा उणे ०.८५ व्होल्टचा आकडा दिला, तो अजून चालतो. तुम्ही फक्त रीडिंग करंट चालू असतानाच घ्या. मातीतला व्होल्टेज ड्रॉप त्यात आपोआप धरला जातो आणि आकडा असा गुटगुटीत येतो की बघत राहावं. करंट क्षणभर बंद करून 'ऑफ' रीडिंग घेतलं की खरं कळतं, पण खरं कळून कुणाचं प्रमोशन झालंय? आणि टीएलपीच्या, म्हणजे जिथे हे रीडिंग घेतात त्या खांबाला कुणी म्हैस बांधली असेल तर तिला उठवू नका, मागच्या महिन्याचं रीडिंग आहेच, शेवटचा आकडा तेवढा बदला, सगळीकडे तोच आला तर ऑडिटरला डाउट येतो.

शेजारी डीसीवर चालणारी मेट्रो आली तरी पत्रव्यवहार करत बसू नका. तिचा भटका करंट तुमच्या पाइपमध्ये शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथलं लोखंड घेऊन जातो, एक अँपिअर वर्षभर असा बाहेर पडला तर साधारण ९ किलो. पण ९ किलो एकाच जागचं गेलं तर भोक पडेल, आणि ती जागा कुठली ते शोधायला सर्व्हे लागतो, सर्व्हेला टेंडर लागतं, तोपर्यंत तुमची बदली.

स्मार्ट पिग, म्हणजे पाइपच्या आतून फिरून धातू किती टक्के झिजलाय ते मोजणारं यंत्र, मात्र जरूर फिरवा, फोटो छान येतात. रिपोर्ट आला की त्यातले टक्के देववाणी समजायचे, खणून पडताळायचे नाहीत. कॅलिफोर्नियात रेफ्युजिओजवळ प्लेन्स कंपनीच्या लाइनमध्ये ५ मे २०१५ ला पिग फिरला, त्याच्या डेटात एका जागी ४७ टक्के धातू गेलेला दिसत होता. १९ मे ला लाइन तिथेच फुटली, मोजलं तर ८९ टक्के गेला होता, आणि लाखाहून जास्त गॅलन क्रूड सांडलं, त्यातलं बरंच समुद्रात. पाइपभोवती फोमचं इन्सुलेशन होतं, त्याच्या आत पाणी शिरलेलं, बाहेरचा सीपी करंट तिथे पोचणार कसा. पण कागदावर सीपी चालू होता ना, झालं तर मग.

आतल्या बाजूचा तर विषयच काढू नका, सीपी बाहेरून असतो, आतलं बघायचं काम आपल्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये आहे का? आंध्रात नगरम गावात 'गेल' या सरकारी कंपनीची १८ इंची गॅस लाइन कोरड्या गॅससाठी होती, तिच्यातून पाणी आणि कंडेन्सेट, म्हणजे गॅसमधून सुटणारं द्रव, असलेला ओला गॅस जात राहिला, पाइप आतून कुरतडला गेला. २७ जून २०१४ ला पहाटे गॅस गावभर पसरला आणि पेटला, २० हून जास्त माणसं गेली, त्यातली कित्येक झोपेत होती. त्यांच्यापैकी कुणाला आपण कुठल्या रंगाच्या डब्यात राहतोय हे माहीत नव्हतं, तक्ता गावात लावायची पद्धत नाही आपल्याकडे, उगाच लोक घाबरतात.

वास येतोय असा फोन आला तरी घाई नको. तैवानमध्ये काओशुंगला त्याच वर्षी ३१ जुलैला रात्री पावणेनऊच्या सुमाराला लोकांनी वासाची तक्रार केली, प्रोपीन या ज्वलनशील गॅसची ४ इंची लाइन एका गटाराच्या कल्व्हर्टमधून लोंबकळत गेली होती, भोवती मातीच नाही म्हटल्यावर सीपी लागू पडणार कुठून. मध्ये पंपिंग थांबवून प्रेशर बघितलं, ठीक वाटलं, परत चालू केलं. बाराच्या आत रस्ते उडाले, ३२ मेले. पण प्रोसिजर फॉलो झाली होती बरं का, प्रेशर टेस्ट केली होती.

आणि तो लाइन वॉकर, कंत्राटी, जीपीएस गळ्यात घालून रोज आरओयूवरून, म्हणजे लाइनच्या वरच्या जमिनीच्या पट्ट्यावरून चालणारा, तो व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, साहेब इथे गवत पिवळं पडलंय, इथे जेसीबी चाललाय, त्याला थम्सअप द्या आणि ग्रुप म्यूट करा.

एवढं करूनही फुटलीच तर तक्ता उघडा, त्या एका किलोमीटरचा डब्बा लाल करा, तारीख मागची नको, आजचीच टाका. पुढचे मागचे दोनशे किलोमीटर हिरवेच राहू द्या. ते पाइप त्याच वर्षी टाकलेत, कोटिंग तेच आहे, गॅसही तोच वाहतोय, हे विचारायला कुणी येणार नाही, आणि आलंच तर स्टडी चालू आहे म्हणून सांगा.