'सगळ्या गोळ्या खलून दुधात द्या' हा संदेश कृपया पुढे पाठवू नका

गेल्या महिन्यात रामबागेतल्या आमच्या परिचित कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला आणि दोन दिवसांत तो तीन निरनिराळ्या नातेवाइकांकडून पुन्हा माझ्याकडे पोहोचला. 'स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांना औषध देण्याच्या सहा सोप्या युक्त्या' असे त्याचे शीर्षक होते. त्यात म्हटले होते की सगळ्या गोळ्या सकाळी एकत्र खलून कोमट दुधातून द्याव्यात. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्याव्यात. संध्याकाळी अस्वस्थपणा वाढला तर सर्दीची गोळी द्यावी, ती निर्धोक असते आणि झोपही लागते. औषध नाकारले तर मान मागे करून नाक दाबावे, म्हणजे तोंड आपोआप उघडते. स्मृतीच्या गोळ्यांचा उपयोग नसतो, त्या बंद करून रोज दोन चमचे खोबरेल तेल द्यावे. आणि एवढ्यासाठी डॉक्टरांना विचारत बसू नये. खाली लिहिणाऱ्याचे नाव नव्हते.

असे संदेश मी एरवी सोडून देते. हा सोडता आला नाही, कारण तो माझ्या वहिनींकडे पोहोचला आणि त्यांनी तो मनापासून अमलात आणला.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत आणि अल्झायमरचे निदान होऊन त्यांना सहा वर्षे झाली. मला नोकरीसाठी लवकर निघावे लागते, त्यामुळे सकाळच्या गोळ्या वहिनी देतात. त्या दिवशी सुट्टी असल्याने मी स्वयंपाकघरात होते. वेलदोडे कुटण्याचा पितळी खल ओट्यावर होता, त्याच्या तळाशी पांढरी भुकटी चिकटलेली होती आणि शेजारच्या पेल्यात दुधावर गुलाबी आवरणाचे बारीक कपचे तरंगत होते. बाबांनी अर्धा पेला पिऊन, तोंड वाकडे करून तो दूर सारला होता. विचारल्यावर कळले की हे तीन दिवस चालले होते. दुपारी बाबा न्हाणीघरातून बाहेर येताना भेलकांडले. रक्तदाबाच्या यंत्रावर एरवी ६२-६४ दिसणारे नाडीचे ठोके ४४ दिसत होते.

म्हणून पहिल्या युक्तीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. बाबांना हृदयासाठी मेटोप्रोलोलची 'एक्सएल' गोळी आहे. ही गोळी अशी बनवलेली असते की तिच्यातले औषध दिवसभर थोडेथोडे सुटत राहते. ती खलात कुटली की ही सगळी रचना मोडते आणि चोवीस तासांचे औषध थोड्या वेळात रक्तात उतरते. त्यातच बाबांची स्मृतीची डोनेपेझिल ही गोळी रात्री झोपताना द्यायची असते, ती 'सगळ्या गोळ्या सकाळी एकत्र' या सल्ल्यामुळे त्याच दुधात गेली होती. डोनेपेझिलनेही नाडी मंदावते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, बाबांना रात्रभर देखरेखीखाली ठेवले आणि हे दोन्ही एकत्र आल्याची शक्यता सांगितली. बाबा दुसऱ्या दिवशी घरी आले. पडले असते आणि खुब्याचे हाड मोडले असते, तर ते पुन्हा चालू शकले असते की नाही, हे मी लिहूही इच्छित नाही.

मधुमेहाची मेटफॉर्मिन अनेकांना 'एसआर' म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या स्वरूपात दिलेली असते, तीही कुटायची नसते. गोळीच्या पाकिटावर नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर, सीआर, एमआर यांपैकी कोणतीही अक्षरे असतील तर ती गोळी खलायची नाही. काही गोळ्यांच्या मधोमध खाच असते आणि त्या खाचेवर अर्ध्या करता येतात, पण अर्धी करणे वेगळे आणि भुकटी करणे वेगळे. पित्ताच्या पँटोप्रॅझोलवर आवरण असते ते जठरातल्या आम्लापासून औषध वाचावे म्हणून. आवरण फोडले तर औषध आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच निकामी होते. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी कुटली तर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची असते, कारण कॅल्शियममुळे तिचे शोषण कमी होते, आणि इथे तर ती थेट दुधातच कालवायला सांगितली आहे. शिवाय अर्धा पेला उरला तर कोणत्या औषधाचा किती भाग पोटात गेला, हे कोणालाही सांगता येत नाही, कारण भुकटी तळाशी बसते. एका वाक्यातल्या एका सल्ल्यात इतक्या चुका असाव्यात आणि लोकांनी तो हात जोडल्याचे चिन्ह लावून पुढे पाठवावा, याचा मला अजूनही संताप येतो.

यात एक अर्धसत्य आहे, ते मला मान्य करावे लागेल. स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यात गिळणे अवघड होते, माणूस गोळी गालात धरून ठेवतो, तासाभराने ती उशीवर सापडते. अशा वेळी काही औषधे अन्नातून द्यावीच लागतात आणि तसे करणाऱ्या मुलांना कोणी दोषी ठरवू नये. परंतु ते प्रत्येक गोळीबद्दल वेगवेगळे विचारून करायचे असते. आम्ही विचारले तेव्हा कळले की काही साध्या गोळ्या कुटून चमचाभर श्रीखंडातून किंवा कुस्करलेल्या केळ्यातून चालतात, काहींऐवजी पातळ औषध मिळते, आणि डोनेपेझिल जिभेवर विरघळणाऱ्या गोळीतही येते. रिव्हास्टिग्मिन हे त्याच वर्गातले औषध त्वचेवर लावायच्या पट्टीतून देता येते; मात्र नवी पट्टी लावण्यापूर्वी जुनी काढलीच पाहिजे, कारण जुन्या पट्ट्या अंगावर तशाच राहिल्याने औषधाची मात्रा धोकादायक झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. भुकटी चालणार असेल तर ती पेलाभर दुधात नव्हे, एका घासात संपेल एवढ्या पदार्थात घालावी.

सर्दीच्या गोळीचा सल्ला मला तितकाच घातक वाटतो, कारण तो फार सौम्य दिसतो. आपल्याकडच्या सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. अल्झायमरमध्ये मेंदूतले ॲसिटिलकोलीन हे द्रव्य कमी पडते. डोनेपेझिल त्याचे विघटन रोखून ते टिकवते, तर क्लोरफेनिरामिन त्याच द्रव्याचे काम अडवते. म्हणजे रात्री एका हाताने द्यायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. वृद्धांसाठी अयोग्य ठरू शकणाऱ्या औषधांची एक यादी डॉ. मार्क बीअर्स यांच्या पुढाकाराने १९९१ साली प्रथम तयार झाली. आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ही वृद्धांच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था ती 'बीअर्स निकष' या नावाने अद्ययावत करते आणि तिची २०२३ची आवृत्ती उपलब्ध आहे. त्या यादीत सर्दी-ॲलर्जीच्या या जुन्या पिढीच्या औषधांबद्दल स्पष्ट लिहिले आहे की ती वृद्धांनी टाळावीत: त्यांनी गोंधळलेपणा वाढतो, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी अशी औषधे टाळण्याची सूचना पुन्हा वेगळी दिलेली आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांबद्दलही तेथे तेच सांगितले आहे, म्हणून 'मग सर्दीची नको तर शेजारच्या काकांची झोपेची अर्धी देऊ' हा मार्गही बंद समजावा. संध्याकाळचा अस्वस्थपणा अचानक वाढला तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेले पोट किंवा कुठले दुखणे आहे का, ते पाहावे. आमच्या बाबांना मागच्या पावसाळ्यात चार रात्री झोप नव्हती. लघवी तपासल्यावर संसर्ग निघाला आणि त्यावरच्या उपचाराने ते शांत झोपू लागले.

दुप्पट मात्रेबद्दल थोडक्यात सांगते. मधुमेहाची ग्लिमेपिराइड दुप्पट दिली आणि त्या दिवशी बाबांनी दोन घास खाऊन ताट सारले, तर रक्तातली साखर इतकी खाली जाऊ शकते की जिवावर बेतेल. बीअर्स निकष या वर्गाच्या औषधांबद्दल नेमका हाच धोका नोंदवतात. डोनेपेझिल तर शरीरात बरेच दिवस टिकते, त्यामुळे तिची एक वेळ चुकल्याने काही बिघडत नाही. पुढची मात्रा नेहमीच्या वेळी नेहमीएवढीच द्यावी.

नाक दाबण्याबद्दल इतकेच म्हणते की मान मागे केली की श्वासनलिका उघडी पडते, आणि गुदमरत घेतलेल्या श्वासाबरोबर दूध व भुकटी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ज्या हातांनी त्यांना घास भरवायचा, त्याच हातांनी त्यांचे नाक दाबायचे, हे वाचतानाही मला सहन झाले नाही.

स्मृतीच्या गोळ्यांनी आजार बरा होत नाही, हे खरे आहे. परंतु 'बरा होत नाही' म्हणजे 'उपयोग नाही' असे नव्हे. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात मध्यम ते तीव्र अल्झायमर असलेल्या २९५ व्यक्ती होत्या. डोनेपेझिल चालू ठेवलेल्यांची आकलनशक्ती आणि रोजचे व्यवहार वर्षभरात बंद केलेल्यांपेक्षा बरे राहिले. फरक मोठा नव्हता, पण ज्या घरात बाबा स्वतः शर्टाची बटणे लावतात, त्या घराला तो पुरेसा आहे. औषध खरोखर थांबवायची वेळही येते, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. खोबरेल तेलाने अल्झायमर सुधारतो, असा भरवशाचा पुरावा नाही.

बाबा गोळी नाकारतात तेव्हा 'मी मघाशीच घेतली' असे म्हणतात आणि त्यांना ते खरेच वाटत असते. वाद घातला की त्यांचा आवाज चढतो. म्हणून आम्ही पंधरा-वीस मिनिटे थांबतो आणि मग पुन्हा जातो. बाबा कापड गिरणीत हिशेबनीस होते, नोंदीवर सही असल्याशिवाय त्यांनी कधी पैसे दिले नाहीत. वहिनींनी आता एक लांबट वही आणली आहे आणि त्यात रकाने आखले आहेत: तारीख, वेळ, गोळी, घेणाऱ्याची सही. वही पुढे केली की बाबा चष्मा लावतात, रकाना बोटाने शोधतात, पाण्याबरोबर गोळी घेतात आणि जुन्या वळणाची सही करतात. परवा संध्याकाळी, दुपारची गोळी दिली की राहिली, असा वहिनींना आणि मला संशय आला, तेव्हा आम्ही वही उघडली. दुपारच्या रकान्यात त्यांची सही होती, म्हणून आम्ही दुसरी गोळी दिली नाही.