पीएसीचा फॉर्म दोन मिनिटांत कसा भरावा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ओपीडीत भुलीआधीची तपासणी, म्हणजे पीएसी, करायला बसणार असाल ना, तर पहिली गोष्ट भिया, पेशंटला खुर्ची देऊ नका. बसला की तो बोलतो, आणि बोलला की लिहावं लागतं.

वजन ६० लिहा. इंदूरात सगळे ६० किलोचेच असतात, रोजचे पोहे-जिलेबी कुठे जातात हा आपला प्रश्न नाही. औषधांचा डोस वजनावर ठरतो हे खरंय, पण डोस देणारा उद्या सकाळी वेगळाच असणार. मॅलमपटी, म्हणजे तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो त्याची ग्रेड, १ ते ४ असते, तुम्ही २ लिहा. १ लिहिलं तर तोंड उघडायलाच लावलं नाही असं वाटतं, ३ लिहिलं तर सीनियर प्रश्न विचारतात, २ कसं सभ्य दिसतं. एएसए ग्रेड, म्हणजे पेशंटची एकूण तब्येत, ती पण २च, म्हणजे लक्षात ठेवायला सोपं.

आधीच्या भुलीत काही त्रास? ‘निल’. काकू सांगत असतील की बडोद्याला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा नळी घालताना डॉक्टरांना घाम फुटला होता म्हणे, तर मान हलवा आणि पुढच्या कॉलमकडे वळा, कारण हे ऐकलंत तर त्या २चे ३ करावे लागतील, जुने कागद मागवावे लागतील, मान किती वाकते तेही बघावं लागेल आणि तोपर्यंत चहा गार. गोळ्यांची नावं तर विचारूच नका, काकू अख्खी पिशवी टेबलावर उलटी करतील, आणि त्यात ती शुगरची डापाग्लिफ्लोझिन निघाली, जी किमान ३ दिवस आधी बंद करायची असते, तर सर्जनला फोन कोण करणार? ‘ऑन ट्रीटमेंट’ लिहा.

उपाशी कधीपासून? ‘रात्री १२’. हलकं खाणं ६ तास, तळलेलं ८ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, एवढं समजावत बसायला वेळ कोणाला आहे. मग पुण्याचे जावई आलेत म्हणून काका रात्री साडेबाराला सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खाऊन सकाळी ८ला टेबलावर आले तरी फॉर्मवर १२च वाजलेले असतात. कोणाचे ते नंतर कळतं.

सही मात्र टपोरी करा. आमच्या बाबांच्या फॉर्मवर होती तशी. हॉस्पिटलचं नाव नको, पण त्या सहीच्या वरच लिहिलं होतं, ‘दात: सर्व शाबूत’. बाबांची कवळी तेव्हा डबीत घालून माझ्या पर्समधे होती.