एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. मेटल बॉडी म्हणून दिलेला फोन प्लास्टिकचा निघाला, बाबांच्या बोटांना टाइपिंग जमत नाही, वर तो अशुद्ध मराठी लिहितो, आणि ५० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आयर्विन पुलाचा संध्याकाळचा फोटो म्हणजे नुसता चिखल. शिवाय, 'विकेपर्यंत गोड, विकल्यावर ओळख नाही'. हे शेवटचं झोंबलं.

मेटलबाबत चूक आमचीच. ती फ्रेम पॉलिकार्बोनेटची आहे, वर धातूसारखा रंग. आमच्या पोराने चमक बघून ठोकून दिलं. खोक्यावर कुठेही मेटल लिहिलेलं नाही, ते त्याने वाचायला हवं होतं. प्लास्टिक वाईट असं मी म्हणणार नाही. काचेच्या पाठीचे तडकलेले फोन रिपेअरिंगला रोज येतात. पण तुम्ही मेटल समजून पैसे मोजलेत, तेव्हा हा मुद्दा तुमचा.

टाइपिंगचं मात्र वेगळं आहे. बाबांनी तीस वर्षं लेथवर काढली असं तुम्हीच लिहिलंय. टचस्क्रीनला दाब लागत नाही, बोटाच्या कातडीतून मिळणारा विजेचा बारीकसा इशारा लागतो. घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटांतून तो क्षीण येतो. त्यावर आम्ही फुकट म्हणून जाड टेम्पर्ड ग्लास चिकटवून दिली! डेमो फोनवर काच नव्हती आणि त्यावर टाइप करून पाहिलंत तुम्ही. बाबा स्टुलावर चहा घेत बसले होते. वापरणार कोण हे आम्ही तेव्हाच विचारायला हवं होतं. सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलता वाढवता येते. ती वाढवू आणि काच काढून पातळ गार्ड लावून देऊ, पैसे नाहीत.

मराठीचा दोष फोनचा नाही. 'दऱ्या' लिहायला गेलं की 'दर्या' उमटतो, म्हणजे सह्याद्रीत थेट समुद्र. त्यासाठी र नव्हे, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग पाय मोडून य. पण बाबांना हा खटाटोप कशाला? बोलून टाइप करायची सोय मराठीत आहे, बोटाने पाटीवर लिहिल्यासारखं लिहायचीही आहे. दोन्ही चालू करून देतो.

कॅमेऱ्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार-चार ठिपके जोडून एक करतो, म्हणून हातात येतो साधारण साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. उजेड कमी झाला की शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेवढ्यात हात हलला की संपलं. दुकानातल्या पांढऱ्या लखलखाटात कुठलाही कॅमेरा गुणी दिसतो. मागच्या तीन भिंगांपैकी दोन तर २ मेगापिक्सेलची, शोभेचीच म्हणा. परवा त्याच मॉडेलचा डेमो फोन घेऊन मी पुलावर गेलो, नाइट मोड लावून कोपरं कठड्यावर टेकवली. पाण्यातले दिवे बरे आले, झाडं तरीही काळीच. या किमतीत एवढंच.

आता झोंबलेलं वाक्य. तुम्ही परत आलात तेव्हा 'सील फुटलं की आमचा संबंध संपला' असं काउंटरवरून ऐकवलं गेलं. चालू केलेला फोन कंपनी आमच्याकडून परत घेत नाही हे खरं आहे, पण ही बोलायची रीत नव्हे, त्याबद्दल माफी मागतो. चुकीची माहिती देऊन विकला असल्याने हा फोन दुकान स्वतःच्या खात्यावर पूर्ण किमतीत परत घेईल. दुसरा घ्या किंवा पैसे घ्या.

खोकं, चार्जर आणि बिल आणा. संध्याकाळी सहाच्या सुमारास या, म्हणजे कॅमेरा बाहेर फुटपाथवर मावळत्या उजेडात बघता येईल. आणि बाबांना आणाच. या वेळी फोन आधी त्यांच्या हातात.