आमदार व्हायचंय? मग दहाव्याला जा

आमदार व्हायचं तुमच्या मनात पक्कं झालं असेल, तर राज्यघटना तूर्त फडताळात ठेवा आणि मतदारसंघातल्या प्रत्येक गावात एक माणूस धरून ठेवा, जो कुणी गेलं की तासाभरात तुम्हाला फोन करेल. मातीला पोचला नाहीत तरी चालेल, सावडायला जमलं नाही तरी चालेल, पण दहावा चुकवू नका. नदीकाठी आयती पाच-सहाशे माणसं जमलेली असतात आणि कावळा शिवेपर्यंत कुणाला उठून जाता येत नाही. इतकी शिस्तीची सभा राज्यात दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. मृताची ओळख असायलाच हवी असं नाही. 'अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक वृत्ती' हे कुणालाही चालतं. फक्त आजी गेल्यात की आजोबा, एवढं गाडीतून उतरण्याआधी पीएला विचारून घ्या.

लग्नांचं गणित थोडं अवघड. एका तिथीला पंधरा-वीस पत्रिका येतात आणि सगळ्यांचा मुहूर्त गोरज. त्यावर उपाय म्हणजे उशिरा पोचायचं. तुमच्यासाठी अक्षता थांबतात, भटजी घड्याळाकडे बघत बसतात, आणि वऱ्हाडाला समजतं की माणूस मोठा आहे.

निवडणुकीच्या खर्चाची उगीच धास्ती घेऊ नका. आयोगाने विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा घालून दिली आहे. चहाचा कप, वडापाव, खुर्ची, मांडव, सगळ्याचे दर प्रशासन ठरवून देतं आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो. गावोगावच्या रात्री, ढाब्यांची बिलं आणि उज्जैनला गेलेल्या बसगाड्या डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाला तो हिशेब वाचून अध्यात्माची गोडी लागते.

निवडून आलात की मुख्य काम सुरू होतं, ते म्हणजे नाव रंगवणं. आमदार स्थानिक विकास निधी 2022 पासून वर्षाला 5 कोटी आहे. पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे लोकांचाच. पण लोकांचं नाव बाकड्यावर मावत नाही, तुमचं मावतं. सभामंडप, हायमास्ट दिवा, पेव्हर ब्लॉक, स्मशानातली शेड, अशी डोळ्याला दिसणारी कामं धरा. जमिनीखालून जाणाऱ्या गटारावर फोटो लावता येत नाही, म्हणून त्याचा मोह टाळा. नारळ मात्र एकाच रस्त्याला तीनदा फोडता येतो: मंजुरीला, भूमिपूजनाला आणि लोकार्पणाला. मधल्या काळात रस्ता झालाच तर ठेकेदाराचं अभिनंदन करा, तोही आपलाच माणूस असणार.

बदलीसाठी, प्रवेशासाठी, पोलीस ठाण्यात अडकलेल्या भाच्यासाठी लोक पत्र मागायला येतील. कुणालाही नाही म्हणू नका. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहून सगळ्यांना पत्र द्या, आणि त्यातल्या कुठल्या पत्राचा विचार करायचा ते साहेबांना फोनवर सांगा.

आता राहिलं सभागृह. तिथे कायदे होतात, असं नागरिकशास्त्रात तुम्ही वाचलं असेल. होतातही. गोंधळ चालू असतो, अर्धे सदस्य अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरलेले असतात, आणि त्यातच 'होयचे बहुमत' असं ऐकू येतं. एक विधेयक झालं. विधेयकाची प्रत वाचायचा हट्ट धरणारा सदस्य सहकाऱ्यांना फार आवडत नाही. तुमची जागा विधानभवनाच्या पायऱ्यांवर. कॅमेरे तिथे असतात. गळ्यात कांद्याची माळ घाला, डोक्यावर घागर घ्या, घोषणेत यमक जुळवा. संध्याकाळच्या बातमीत तुम्ही आणि लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या प्रश्नाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना, मांडणारा बिचारा कामकाजाच्या बाडात. आणि तो तरी कुणासाठी मांडतो? लक्षवेधी चांगली मांडली म्हणून मत दिल्याचं मी आजवर एकाही मतदाराकडून ऐकलेलं नाही. दहाव्याला आला नाही म्हणून पाडल्याचं मात्र पुष्कळ ऐकलंय.

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला नक्की जा. 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला न्याय मिळावा म्हणून ही सोय झाली, त्यामुळे सावजी आणि संत्रा बर्फीला न्याय देणं तुमचं कर्तव्यच. सभागृहात कंटाळा आला तर मोबाइल जपून काढा. जुलै 2025 मध्ये तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर सभागृहात पत्त्यांचा खेळ दिसल्याचा व्हिडिओ बाहेर आला. आपण खेळत नव्हतो, असा त्यांचा खुलासा. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. सरकारला विनोदाचं अंग नाही, असं यापुढे कुणी म्हणू नये.

पक्षाचं काय, हा प्रश्न नवखे लोक फार लवकर विचारतात. पक्षांतरबंदी कायदा 1985 चा. आधी एकतृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं, 2003 मध्ये ती सवलत काढून टाकली. तेव्हापासून एकट्याने जाणं धोक्याचं, घाऊक जाणं बरं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्ष देतात आणि किती दिवसांत द्यायचा हे कायद्यात लिहिलेलं नाही. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली आणि एकनाथ शिंदे गटाच्या आमदारांचा सुरत, मग गुवाहाटी असा प्रवास झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 11 मे 2023 ला आला, अध्यक्षांचा 10 जानेवारी 2024 ला, आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. तोवर विधानसभेचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं.

त्याच गुवाहाटीतून सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांनी फोनवर 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' असं वर्णन केलं आणि ते राज्यभर पोचलं. पाच वर्षं सभागृहात बोलूनही एवढी कीर्ती मिळत नाही. अडचण अशी की याच सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले होते. पहिल्यांदा 1962 मध्ये. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. प्रवास एसटीचा, आमदारांसाठी राखून ठेवलेल्या त्या बाकावर बसून. हे उदाहरण कुणी काढलंच तर 'आता तो काळ राहिला नाही' म्हणून विषय बदला. 2024 मध्ये शहाजीबापू हरले आणि त्याच शेकापकडून गणपतरावांचे नातू निवडून आले, हे तर मुळीच कुणाला सांगू नका. कार्यकर्त्यांचं मनोबल खचतं.

तुम्हीही कधीतरी पडालच. घाबरू नका, माजी आमदाराला महिना 50 हजार निवृत्तिवेतन आहे, आणि पहिल्या टर्मच्या पुढे काढलेल्या प्रत्येक वर्षाला आणखी दोन हजार. शिक्षणसंस्था असतेच, कारखाना असतो, दूध संघात मेहुणा असतो. तेवढं थोरल्याचं वय बघून ठेवा. विधानसभेला 25 लागतात, विधान परिषदेला 30. धाकट्याला जिल्हा परिषद द्या, तिथे 21 पुरतात. आणि जागेचं आरक्षण महिलेला गेलं, तर वहिनींचा फोटो चांगला काढून घ्या.