२१४ कोटी नंबर पुरतात की, मग बिग ऑटो फील्ड कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

राम राम भाऊ,

प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधल्या प्रायमरी कीवर (म्हणजे टेबलातल्या प्रत्येक ओळीच्या ओळख-नंबरावर) लिहिताना मी नवीन प्रोजेक्टला बिग ऑटो फील्डच (आपोआप वाढणारा ८ बाइटचा नंबर) घ्या म्हणतो ते म्हणजे दोन एकराच्या शेताला दहा एचपीची मोटर, धुळ्या-जळगावच्या धंद्याला साध्या, ४ बाइटच्या ऑटो फील्डचे २१४ कोटी नंबर जन्मभर पुरतात, वरून जुन्या प्रोजेक्टात ही सेटिंग बदलली की मायग्रेशनचा (टेबलांची रचना बदलणाऱ्या फाइलींचा) ढीग पडतो, आणि बदलायचंच असेल तर सरळ यूयूआयडी (क्रमाच्या नंबराऐवजी लांबलचक युनिक ओळख) का नाही. दुसरा मुद्दा मला मान्य, तिसरा अर्धा मान्य, पहिला अजिबात नाही.

आधी २१४ कोटींचं बघू. तुम्ही धरलंय की टेबलात जेवढ्या ओळी तेवढेच नंबर खर्च होतात, पण तसं होत नाही ना भाऊ. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयडी सिक्वेन्समधून (नंबर वाटणाऱ्या काउंटरमधून) येतो आणि एकदा दिलेला नंबर सिक्वेन्स परत घेत नाही, ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं (मध्येच रद्द झालं) तरी नंबर गेला तो गेलाच. आता समजा जिनिंगच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर मागच्या आणि चालू सीझनच्या मिळून ५० हजार पावत्या दर पाच मिनिटांनी सर्व्हरला पाठवतो, आणि तिकडे बल्क क्रिएटला (एकदम खूप ओळी टाकायच्या जँगोच्या सोयीला) इग्नोर कॉन्फ्लिक्ट्स लावलंय, म्हणजे जुन्या पावत्या आपोआप गळतात आणि नव्या तेवढ्या बसतात. सोपं पडतं म्हणून असं सर्रास केलं जातं. टेबलात ओळी ५० हजारच दिसतात, पण गळालेल्या प्रत्येक पावतीनेही एक नंबर खाल्लेला असतो! दिवसाला २८८ फेऱ्या, म्हणजे १ कोटी ४४ लाख नंबर, म्हणजे १४९ दिवसांत खेळ खलास. दसऱ्याला चालू केलं तर होळीच्या आसपास इन्सर्ट बंद पडणार, जुनं सगळं व्यवस्थित दिसणार आणि नवी पावती मात्र निघणार नाही, आणि टेबल एवढं छोटं असल्यामुळे कारण तिथे असेल असा संशयही कुणाला येणार नाही.

आणि खऱ्या ओळीही काही कमी नसतात. रावेर-यावलकडच्या केळीच्या रायपनिंग चेंबरांना १०० सेन्सर लावले आणि प्रत्येकाने दर पाच सेकंदांनी एक रीडिंग टाकलं, तर दिवसाला १७ लाख २८ हजार ओळी होतात. २१४ कोटी साडेतीन वर्षंही पुरत नाहीत.

जागेचं म्हणाल तर ओळीमागे ४ बाइट जास्त, एक कोटी ओळींना ४० एमबी, फॉरेन की (दुसऱ्या टेबलाच्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) असेल तिथे पुन्हा तेवढेच. प्रायमरी कीच्या इंडेक्सला (ओळ पटकन शोधायच्या यादीला) तर पोस्टग्रेसमध्ये फरकच पडत नाही, कारण इंडेक्समधली नोंद ८ बाइटच्या पटीत बसवली जाते, ४ बाइटचा आकडा ठेवला तरी उरलेली जागा रिकामी राहते.

पण माझं खरं म्हणणं धंद्याच्या साइझबद्दल नाहीच. टेबल बनवायच्या दिवशी हा निर्णय फुकट असतो, नंतर तोच महागात पडतो. पोस्टग्रेसमध्ये इंटिजरचा (४ बाइट) बिगइंट (८ बाइट) करायला अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर त्यावर असा लॉक असतो की वाचणंही बंद. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीत त्यासाठी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) असतो, तो नवीन कॉलम जोडून हळूहळू डेटा भरून बदल करून देतो. आपल्याकडे एकच पोरगा वेबसाइट बघतो, जीएसटीची बिलं बघतो आणि प्रिंटर अडकला तरी त्यालाच फोन जातो, त्याने हे ऐन हंगामात रात्री एकट्याने करावं असं मला वाटत नाही. म्हणून उलट आपल्यालाच पहिल्या दिवशी मोठा नंबर घेण्याची जास्त गरज आहे.

जुन्या प्रोजेक्टचं तुमचं बरोबर. तिथे डिफॉल्ट ऑटो फील्ड या सेटिंगमध्ये साधं ऑटो फील्डच स्पष्ट लिहून ठेवा. एप्रिल २०२१ मध्ये जँगो ३.२ आलं तेव्हापासून डब्ल्यू०४२ ची वॉर्निंग हेच सांगत होती, बरेच जण ती नुसती सायलेंट करून मोकळे झाले. डिसेंबर २०२५ च्या ६.० मध्ये मात्र डिफॉल्टच बिग ऑटो फील्ड झालंय, म्हणजे ज्यांनी काहीच लिहिलं नाही त्यांना अपग्रेड केल्यावर तो ढीग आपोआप दिसेल. आणि त्या ढिगात एक वाईट गोष्ट असते, ज्या बाहेरच्या पॅकेजने आपल्या ॲप कॉन्फिगमध्ये (पॅकेजची सेटिंग असलेल्या क्लासमध्ये) स्वतःचं डिफॉल्ट दिलेलं नाही त्याची मायग्रेशन फाइल तुमच्या व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंटच्या (जिथे पॅकेजेस बसवलेली असतात त्या) फोल्डरात तयार होते, ती गिटमध्ये जात नाही, सर्व्हरवर पोचत नाही, मग लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर भलतंच. अशा पॅकेजसाठी आपणच ॲप कॉन्फिगचा सबक्लास करून तिथे ऑटो फील्ड द्यायचं. आपली टेबलं मात्र एकेक करून बिग ऑटो फील्डवर न्या, जे वेगाने भरतंय ते आधी. मेनी टू मेनीची (दोन्हीकडून अनेकांशी जोडणाऱ्या नात्याची) जी मधली टेबलं जँगो स्वतः बनवतो त्यांचा स्वतःचा आयडी मायग्रेशन बदलत नाही, ते एसक्यूएल लिहूनच करावं लागतं, हे विसरलं जातं.

यूयूआयडी या सेटिंगमध्ये चालतच नाही, तिथे ऑटो फील्डचाच सबक्लास लागतो, यूयूआयडी प्रत्येक मॉडेलमध्ये किंवा ॲबस्ट्रॅक्ट बेस मॉडेलमध्ये लिहावा लागतो. १६ बाइट, आणि व्हर्जन ४ जवळपास पूर्ण रँडम असल्याने इंडेक्समध्ये कुठेही जाऊन बसतो, मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण पद्धतीत तर टेबलच प्रायमरी कीच्या क्रमाने मांडलेलं असतं त्यामुळे तिथे जास्त त्रास. व्हर्जन ७ वेळेच्या क्रमाने वाढतो, पायथन ३.१४ आणि पोस्टग्रेस १८ मध्ये तो आलाय, तो नक्की वापरून बघा. जिथे काट्यावर नेट नसताना पावती बनते आणि नंतर सर्व्हरला जाते तिथे मी स्वतः यूयूआयडीच घेईन. पण यूआरएलमधला नंबर बदलून दुसऱ्याचं बिल दिसतं म्हणून घेणार असाल तर आधी परमिशन चेक लावा, आणि बाहेर दाखवायला वेगळा युनिक यूयूआयडी कॉलम ठेवा.

तुमचा तो जुना प्रोजेक्ट पोस्टग्रेसवर असेल तर पीजी सिक्वेन्सेस या व्ह्यूमध्ये प्रत्येक सिक्वेन्सची लास्ट व्हॅल्यू दिसते, ती टेबलातल्या ओळींच्या शेजारी मांडून बघा आणि जिथे तफावत मोठी दिसेल ते इथे खाली टाका, कोणतं टेबल आधी घ्यायचं ते मिळून ठरवू.